मेलेल्या प्राण्यांची शाळा
(द्वितीय वर्ष कला)

गाय व्याली आणि वासरू मेले, तर पुष्कळदा ती पान्हा सोडत नाही. अशा वेळी मेलेल्या वासराचे कातडे सोलून, त्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करण्याची रीत आपल्या खेड्यांतून फार जुनी आहे. गाय ते कातडे हुंगते, चाटते आणि दूध देते. प्राण्याचे कातडे राखून त्याला पुन्हा प्राण्याचे रूप देण्याची विद्या विलायतेतून आली असे आपण वाचतो. शास्त्र म्हणून ते खरे असेल. परंतु त्यामागची युक्ती आपल्या गोठ्यांत आधीपासून होती. फरक एवढाच की गोठ्यातली युक्ती गायीला फसविण्यासाठी होती. संग्रहालयात काचेमागे उभा असलेला वाघ कोणाला काय सांगण्यासाठी उभा असतो, आणि त्याने आजच्या काळात काय सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विद्येला इंग्रजीत टॅक्सिडर्मी म्हणतात. 'टॅक्सिस' म्हणजे मांडणी आणि 'डर्मा' म्हणजे कातडी, या दोन ग्रीक शब्दांपासून हा शब्द तयार झाला. मराठीत त्यासाठी चर्मपूरण असा शब्द आहे, पण तो पुस्तकातच राहिला. बोलताना आपण सरळ 'पेंढा भरलेला वाघ' म्हणतो. वस्तुतः पेंढा भरण्याचे दिवस केव्हाच गेले. पोत्यात धान्य भरावे तसे कातड्यात गवत कोंबले की प्राणी फुगतो, त्याचे सांधे हरवतात आणि जुन्या संग्रहांतील कित्येक सिंह त्यामुळे उशीसारखे दिसतात.

आजची पद्धत उलट आहे. आधी शरीर घडवायचे आणि मग त्यावर कातडी चढवायची. प्राणी मेल्यावर पहिली शर्यत असते ती उन्हाशी. आपल्या हवेत काही तासांतच कातडी कुजू लागते आणि केस मुळापासून सुटतात. म्हणून मृत प्राणी ताबडतोब थंडीत ठेवावा लागतो. मग मोजमापे घ्यायची : नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी, छातीचा घेर, मानेची जाडी, दोन डोळ्यांतले अंतर. कातडी सोलून तिच्यावरचे मांस व चरबी खरवडून काढतात, मीठ चोळतात आणि मग ती कमावतात. शरीरासाठी लाकूड, तार, कागदाचा लगदा, फायबरग्लास किंवा फोम वापरून साचा तयार करतात. पक्ष्याच्या बाबतीत कवटी आणि पंखांची व पायांची हाडे कातडीबरोबर तशीच ठेवली जातात. डोळे काचेचे असतात. डोळ्याभोवतीचा भाग मातीने उठवितात, कारण जिवंतपणा असतो तो बुबुळात नव्हे, पापणीत. शेवटी शिवण अशी घालायची की ती केसांत लपावी. वाळताना कातडी आक्रसते, म्हणून टाचण्या लावून ती जागच्या जागी धरावी लागते. नाक, ओठ, माशाचे अंग यांचा रंग मेल्यावर टिकत नाही. तो पुन्हा कुंचल्याने द्यावा लागतो.

म्हणजे एका माणसाच्या हातात सुतार, चर्मकार, मूर्तिकार, चितारी आणि शरीररचनेचा जाणकार असे पाच जण असावे लागतात. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. कातडे कमावणे हे काम आपल्या समाजाने शतकानुशतके काही जातींच्या माथी मारले आणि वर त्यांनाच गावाबाहेर ठेवले. तेच काम संग्रहालयाच्या तळघरात एखादा पदवीधर करू लागला की ती कला होते आणि तिला ग्रीक नाव मिळते. समाजशास्त्राच्या तासाला हा मुद्दा निघाला नव्हता, म्हणून येथे मांडला.

जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांना हात लावू नये असे म्हणतात, त्याचे कारण केवळ शिस्त नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समधील बेकूर नावाच्या गृहस्थाने सोमल घातलेला एक साबण शोधला. तो कातडीला आतून चोळला की कसर लागत नसे. पुढे दीड-दोनशे वर्षे जगभर हाच साबण चालला. त्यामुळे जुनी कातडी आजही विषारी असू शकतात. एखाद्या जुन्या शाळेच्या किंवा वाड्याच्या भिंतीवर धुळीने भरलेले हरणाचे डोके असेल तर ते फडक्याने झटकण्यापूर्वी एवढे ध्यानात असू द्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल मुंबईस गेली होती. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविज्ञान दालनात आमच्या पुढे एका प्राथमिक शाळेची रांग होती. तेथे रोहित पक्षी, धनेश, गवा, वाघ हे त्यांच्या त्यांच्या परिसरासह मांडलेले आहेत. वाघापुढे आल्यावर एका मुलाने बाईंना विचारले, "हा खरा आहे का?" बाई म्हणाल्या, "हो, खराच होता." मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, "मग याला कोणी मारलं?" एवढ्यात रांग पुढे सरकली आणि प्रश्न तिथेच राहिला.

मला वाटते, नैतिक चर्मपूरण म्हणजे काय याची व्याख्या त्या मुलाच्या प्रश्नात पूर्ण आली आहे. उत्तरे तीनच संभवतात. एक, हौसेने शिकाऱ्याने मारला. दोन, संग्रहालयात ठेवण्यासाठी म्हणून मारला. तीन, कोणी मारला नाही. म्हातारा होऊन मेला, आजारी पडला, रस्त्यावर गाडीखाली आला, विजेच्या तारेला चिकटला. आज ज्याला नैतिक म्हणता येईल ते केवळ तिसरे उत्तर. पहिल्या दोन्ही उत्तरांचा इतिहास मात्र समजून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडे आज दिसणारे बहुतेक जुने प्राणी त्यातूनच आलेले आहेत.

पहिल्या प्रकारात आपल्या देशातले सर्वांत मोठे नाव म्हणजे म्हैसूरचे व्हॅन इंजेन. युजीन व्हॅन इंजेन यांनी १९०० च्या सुमारास हा व्यवसाय सुरू केला आणि पुढे त्यांच्या मुलांनी तो वाढविला. संस्थानिक, इंग्रज अधिकारी, परदेशी पाहुणे यांनी मारलेल्या जनावरांची कातडी मीठ लावून म्हैसूरला रवाना होत आणि काही महिन्यांनी तेथून वाघ परत येई. वाघ आणि बिबटे मिळून चाळीस हजारांवर जनावरे या एका कारखान्यातून तयार होऊन गेली. भारतात १९७२ साली झालेल्या व्याघ्रगणनेत देशभर मिळून १,८२७ वाघ मोजले गेले होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे अधिक काही लिहावे लागत नाही. कारखान्यात हात चालत ते म्हैसूरच्या कारागिरांचे. वाघाखालच्या पाटीवर मात्र नाव असे ते बंदूकवाल्याचे.

व्हॅन इंजेन यांची कारागिरी अव्वल होती याविषयी दुमत नाही. परंतु त्यांच्या वाघांकडे पाहताना माझ्या मनात वेगळाच विचार येतो. त्यांचे बहुतेक वाघ जबडा वासून, नाक आक्रसून, दात दाखवीत उभे असतात. गिऱ्हाइकाला तसाच हवा असे. वाघ जितका भयंकर, तितका त्याला मारणारा शूर! निजलेला वाघ दिवाणखान्यात कोण लावणार? वास्तविक वाघ आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग झोपण्यात, सावलीत बसण्यात, पाण्यात पडून राहण्यात घालवितो. तो गुरगुरतो ते क्वचित. पण तीन पिढ्यांनी संग्रहालयांत, वाड्यांत आणि पुढे सिनेमांत जो वाघ पाहिला तो सदैव अंगावर येणारा. लोकांच्या मनातली वाघाची भीती काही अंशी या कारखान्यांनी घडविलेली आहे असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. म्हणजे प्राणी कसा मेला एवढ्यावरच नैतिकतेचा प्रश्न संपत नाही. मेल्यावर त्याला कसे उभे केले, हाही त्याचाच भाग आहे. कातडे खरे असते. त्याची ढब खोटी असू शकते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यवसाय मुळासकट बदलला. शिकार बंद झाली. वन्य प्राणी मेला तरी तो आणि त्याचे कातडे, शिंगे, दात ही सरकारची मालमत्ता ठरली. परवानगीवाचून ती बाळगणे, कमावणे, विकणे हा गुन्हा ठरला. ज्यांच्या घरी पूर्वीची कातडी होती त्यांना ती जाहीर करून मालकीचा दाखला घ्यावा लागला. व्हॅन इंजेन यांचा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. झाले ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर ही विद्याही आपल्या देशातून जवळजवळ गेली, कारण ती शिकारीच्या आधारानेच जगत होती.

दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे संग्रहालयासाठी मारण्याचा, इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. विल्यम टेम्पल हॉर्नडे हा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातला मुख्य चर्मपूरक. तरुणपणी, १८७६ नंतर, तो नमुने गोळा करीत भारतातही हिंडला होता. १८८६ साली संग्रहालयात बायसनचे चांगले नमुने नाहीत म्हणून तो माँटाना प्रांतात गेला. ज्या मैदानावर एके काळी कोट्यवधी बायसन होते तेथे त्याला हाडांचे ढीग दिसले. जिवंत जनावरे शोधावी लागली. त्याने तरीही वीस-पंचवीस मारली. हे वाचताना राग येतो. उरलेली थोडी आहेत हे दिसत असताना त्यांतलीच मारायची, हा कोणता न्याय? त्याचा हिशेब असा होता की ही जात आता जाणारच, तेव्हा निदान नमुना तरी राहावा. पण परतल्यावर तो बदलला. १८८८ मध्ये सहा बायसनांचा कळप गवत-मातीसह काचेच्या मोठ्या पेटीत उभा राहिला आणि शहरातल्या लोकांनी, ज्यांनी बायसन कधी पाहिलाच नव्हता, तो पाहण्यासाठी गर्दी केली. १८८९ मध्ये हॉर्नडेने बायसनच्या संहारावर ग्रंथ लिहिला. पुढे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचा तो पहिला संचालक झाला, १९०५ साली बायसन वाचविण्यासाठी संस्था निघाली तीत तो अग्रभागी होता, आणि पिंजऱ्यात वाढविलेले बायसन पुन्हा रानात सोडले गेले. १९५७ मध्ये ती जुनी काचेची पेटी मोडताना तिच्या तळाशी एक डबी सापडली. तीत हॉर्नडेने आपल्यानंतर येणाऱ्या कारागिराला लिहिलेली चिठ्ठी होती : मी माती होऊन गेलो असेन, तेव्हा या नमुन्यांचा सांभाळ तुम्ही करा, अशा आशयाची.

ही गोष्ट येथे संपवली असती तर लेख गोड झाला असता. पण याच हॉर्नडेच्या प्राणिसंग्रहालयात १९०६ साली ओटा बेंगा नावाच्या कांगोतील तरुणाला माकडांच्या घरात ठेवून लोकांना दाखविण्यात आले आणि संचालकाने त्याचे समर्थन केले. बायसनसाठी ज्याचे हृदय द्रवले त्याला माणूस दिसला नाही. निसर्गप्रेम म्हणजे आपोआप माणुसकी, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

कार्ल एकली या दुसऱ्या अमेरिकन चर्मपूरकाचीही वाट अशीच. साच्यावर कातडी चढविण्याच्या आधुनिक पद्धतीला आणि प्राण्याला त्याच्या झाडाझुडपांसह दाखविण्याच्या रीतीला त्याने पूर्णत्व आणले. १९२१ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी त्याने आफ्रिकेत गोरिला मारले आणि त्यांचे चेहरे जवळून पाहिल्यावर त्यांच्यासाठी अभयारण्य मागण्यास लागला. बेल्जियमच्या राजाने १९२५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय उद्यान घोषित केले. पुढच्याच वर्षी एकली त्याच डोंगरांत मरण पावला.

आपल्याकडचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईत एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी हे विचारण्यास तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी त्याला रागावून घालविले नाही. कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक त्याच्यापुढे मांडले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. भारतातल्या पक्ष्यांचे संरक्षण ज्या माणसाच्या नावाशी जोडले गेले आहे त्याची पहिली शाळा मेलेल्या पक्ष्यांची होती.

आता तिसऱ्या उत्तराकडे, म्हणजे कोणी न मारलेल्या प्राण्याकडे. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी २००३ मध्ये वर उल्लेख केलेल्या वस्तुसंग्रहालयातील पक्षी पाहिले आणि ही विद्या शिकण्याचे मनावर घेतले. शिकविणारे कोणी नव्हते. त्यांनी कोंबड्या, पक्षी, मासे यांच्यावर हात बसविला आणि मग मोठ्या जनावरांकडे वळले. २००९ साली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव चर्मपूरण केंद्र सुरू झाले. उद्यानांत व प्राणिसंग्रहालयांत नैसर्गिकरीत्या मेलेले वाघ, सिंह, बिबटे तेथे परवानगीने आणले गेले आणि पुन्हा उभे राहिले. ज्या विद्येची ओळख बंदुकीच्या मागून चालणारी अशी होती ती येथे प्रथमच सरकारी उद्यानात, शिकारीवाचून जगू लागली. मला या गोष्टीचे महत्त्व फार वाटते.

परंतु मेलेल्या पक्ष्याचे काम केवळ दाखविण्याचे असते असे नव्हे. कधी कधी तो साक्ष देतो. हे सांगण्यासाठी मला माझ्या शहादे तालुक्यात यावे लागेल.

पिंगळा आपणां सर्वांना ठाऊक आहे. पहाटे कुडबुडे वाजवीत येणारा, पिंगळ्याची भाषा समजते म्हणून भविष्य सांगणारा भिक्षेकरी जुन्या माणसांनी पाहिलेला आहे. माझी आजी अजूनही घराच्या दक्षिणेला पिंगळा बोलला की अंगणात मीठ टाकते. या पिंगळ्याचाच एक भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. वीतभर, म्हणजे सुमारे तेवीस सेंटिमीटर लांबीचा, डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नसलेला, पोटाखाली पांढरा, आणि दिवसाही हिंडणारा. १८७२ मध्ये ब्लूइट याने तो प्रथम मिळविला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नंतर जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात, आमच्या शहादे-तळोदे भागात, काही पक्षी मिळविले. १८८४ नंतर मात्र तो कोणाला दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, एवढेच त्याचे अस्तित्व उरले.

या सातांव्यतिरिक्त एक आठवा दावा होता. रिचर्ड माइनर्त्सहागेन नावाच्या नामांकित इंग्रज कर्नलाने आपण १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे हा पक्षी मिळविल्याचे सांगितले होते. त्याच्याजवळ कातडे होते, चिठ्ठी होती, तारीख होती. साहजिकच शोध घेणारे त्या ठिकाणाच्या अनुरोधाने हिंडले. खुद्द सालिम अली आणि रिप्ली यांनाही हा पक्षी सापडला नाही. मग अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि इंग्लंडचे नायजेल कॉलर यांनी ती कातडी एकेक करून तपासली. क्ष-किरणांनी आतले चित्र दिसले. प्रत्येक कारागिराची कातडी भरण्याची, कापूस गुंडाळण्याची, शिवण घालण्याची आपली लकब असते. माइनर्त्सहागेनच्या पक्ष्याची शिवण उसवून तो पुन्हा भरलेला होता. आणि पुसून टाकलेल्या लकबीच्या ज्या खुणा राहिल्या होत्या त्या डेव्हिडसनच्या होत्या. म्हणजे ब्रिटिश संग्रहालयातला खानदेशचा पक्षी चोरून, त्याला नवी चिठ्ठी बांधून कर्नलसाहेबांनी तो आपला म्हणून दाखविला होता!

खोटी चिठ्ठी बाजूला सारताच खरी ठिकाणे उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे जुन्या चिठ्ठ्यांवरच्या गावांच्या मागाने निघाले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या टेकड्यांत त्यांना एका उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो मेळघाटात, मध्य प्रदेशात, ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला. अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली ही जात २०१८ मध्ये संकटग्रस्त या पायरीवर आणली गेली. तेव्हा, मेलेल्या कातड्यांचा जिवंत पक्ष्याला काय उपयोग, असे कोणी विचारले तर मी शहाद्याकडे बोट दाखवीन. त्याबरोबर हेही सांगेन की कातड्याइतकीच त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी मोलाची असते. खोट्या चिठ्ठीने एका पक्ष्याचा शोध भलतीकडे नेला.

हे सर्व मान्य करूनही काही आक्षेप उरतात. आमच्या वर्गातील एका मित्राचे म्हणणे असे की हल्ली पडद्यावर वाघाचा श्वासही दिसतो, मग निश्चल कातडे कशाला? याला माझे उत्तर आमच्याकडच्या उसात आहे. आमच्या भागात उसाच्या फडात बिबट्या असतो. कोणी पाहिला की दुसऱ्या दिवशी तो बैलाएवढा होतो. वस्तुतः बिबट्याची खांद्यापाशी उंची दोन-सव्वादोन फूट, म्हणजे माणसाच्या गुडघ्यापेक्षा जरा वर. पडद्यावर मांजर आणि बिबट्या सारखेच मोठे दिसू शकतात. खऱ्या मापाचा बिबट्या शेजारी उभा असला आणि आपण त्याच्यापुढे उकिडवे बसलो तर कळते की वाकून काम करणारा किंवा शौचास बसलेला माणूस त्याला भक्ष्याच्या मापाचा का वाटतो, आणि उभा माणूस का वाटत नाही. हे भाषणाने समजत नाही. दृष्टिहीन मुलांसाठी तर पडद्याचा उपयोगच नाही. सोमलाशिवाय तयार केलेल्या प्राण्यावर हात फिरवून त्यांना पंजा, आयाळ, पिसे यांची ओळख होऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राजमान्य कातडी वाढली की चोरट्या कातड्यांना आडोसा मिळतो. जंगलात वाघ मेला तर शवविच्छेदन करून तो अधिकाऱ्यांच्या समक्ष पूर्ण जाळावा असा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा दंडक आहे, तो याच भीतीमुळे. एवढे सुंदर जनावर राख होते याची हळहळ वाटते, पण मला हा दंडक पटतो. एका दाखल्याच्या आड दहा कातडी खपविणारी माणसे आपल्या देशात आहेत. म्हणून जंगलातला वाघ जाळावा. प्राणिसंग्रहालयात नोंद असलेला, क्रमांक असलेला, ज्याच्या जन्मापासूनचे कागद आहेत असा प्राणी मात्र मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीने शाळेच्या कामी यावा. तोही सार्वजनिक जागीच. खाजगी दिवाणखान्यात, अधिकाऱ्याच्या कचेरीत, हॉटेलात एकही नको.

जुन्या, शिकारीच्या प्राण्यांचे काय करावे? काही जण म्हणतात, ते काढून टाका. मला ते पटत नाही. त्याने वाघ परत येत नाही, केवळ पुरावा जातो. पुरावा कसा जातो हे दिल्लीने पाहिले. तेथील राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय १९७८ मध्ये उघडले आणि २६ एप्रिल २०१६ च्या आगीत प्राण्यांच्या नमुन्यांसह भस्मसात झाले. जुने प्राणी राहू द्यावेत, त्यांच्या पाट्या बदलाव्यात. आज बहुतेक ठिकाणी पाटीवर मराठी नाव, इंग्रजी नाव आणि एक लॅटिन नाव असते. तेथे हेही असावे की हा कोठे, कोणत्या साली, कोणाच्या हातून किंवा कशाने मेला, कातडी कोणी भरली, आणि त्या जागी आज त्याची जात आहे किंवा नाही. सहा ओळींची पाटी झाली तरी हरकत नाही. त्या मुलाला रांगेतच उत्तर मिळेल.

आमच्या तालुक्यापुरते बोलायचे तर रस्त्यावर मेलेली रानमांजरे, उदमांजरे, खोकडे, तारेला चिकटलेली घुबडे दर महिन्याला दिसतात. वन खात्याच्या परवानगीने त्यांतली चारदोन शाळांच्या कामी आली तरी पुरेसे आहे. मेल्याची जागा, गाडीचा रस्ता आणि तारीख पाटीवर लिहिली म्हणजे कोणत्या वळणावर गाडी हळू चालवायची हेही मुले घरी सांगतील. रानपिंगळ्याच्या बाबतीत मात्र कातड्याचा विचारही नको. ती सात पुरेत. सुताराकडून सागाचा करून घ्यावा, तेवीस सेंटिमीटरचा, डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पोट पांढरे, आणि शेजारी साधा ठिपकेदार पिंगळा, म्हणजे आमच्याकडे लाकूडतोडीला जाणाऱ्या माणसालाही दोहोंतला फरक लांबून ओळखता येईल.